तीन-दोन झालंय ना नक्की? प्लेटमागच्या अंपायरची मोजणी

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे, गेली नऊ वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगा दहा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. आमच्याकडे मुलांच्या मॅचला पालकच अंपायर म्हणून उभे राहतात, पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. नियम वाचून काढलेत, पण मॅचच्या मध्येच काउंट विसरलो तर काय ही धास्ती काही जात नाही. मोठ्या मॅचमधले अंपायर तीन-तीन तास हे कसं सांभाळतात? त्यांच्या हातात काहीतरी छोटंसं असतं ते काय असतं?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नमस्कार दादा. पहिलं म्हणजे तुम्ही तयार झालात याचा फार आनंद झाला, कारण असे पालक उभे राहतात म्हणून पोरांच्या मॅच होतात. आणि धास्ती वाटतेय ना, ती योग्य जागी वाटतेय. बॉल की स्ट्राइक यात एखादा निर्णय इकडेतिकडे झाला तर लोक दोन मिनिटं कुरकुरतात आणि विसरतात, पण काउंट चुकला तर त्या बॅटरचा हक्कच जातो, किंवा पिचरचा.

बेसबॉल न बघितलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. प्लेट म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो तिथली जमिनीवरची पाटी, तिच्यामागे कॅचर बसतो आणि त्याच्यामागे अंपायर; बेस म्हणजे पळून गाठायच्या जागा; आणि पिच म्हणजे पिचरने टाकलेला एक चेंडू. पिचरने टाकलेला चेंडू बॅटरने सोडून दिला आणि तो ठरलेल्या पट्ट्याच्या (म्हणजे झोनच्या) बाहेरून गेला तर तो बॉल, पट्ट्यातून गेला किंवा बॅटरने बॅट फिरवली आणि हुकला तर स्ट्राइक. चार बॉल झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो, तीन स्ट्राइक झाले की आउट. ह्या दोन आकड्यांची जोडी म्हणजे काउंट, आणि बॉल आधी, स्ट्राइक नंतर, म्हणजे 'तीन-दोन' म्हटलं की तीन बॉल दोन स्ट्राइक. हे आकडे पहिल्यापासून असेच नव्हते बरं का, १८७९ मध्ये नऊ बॉल झाल्यावर बेस मिळायचा, पुढे आकडा खाली-वर होत राहिला, १८८७ चा सीझन तर पाच बॉल आणि चार स्ट्राइकवर खेळले, आणि १८८९ पासून आजचं चार आणि तीन पक्कं झालं. नऊपर्यंत मोजणाऱ्या त्या अंपायरांचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता ते हातातलं. त्याला इंडिकेटर म्हणतात, बरेचजण नुसतं क्लिकर म्हणतात. तळहातात लपेल एवढी प्लॅस्टिकची नाहीतर स्टीलची डबी, कडेला तीन किंवा चार दातेरी चकत्या बाहेर आलेल्या आणि वर छोट्या खिडक्यांमधून आकडे दिसतात. एक चकती बॉलची, एक स्ट्राइकची, एक आउटची, चौथी असेल तर इनिंगची. बॅटरी नाही, आवाज नाही, काही नाही, अंगठ्याने किंवा बोटाने एक घर सरकवायचं बस. हे डाव्या हातात धरायचं कारण उजवा हात स्ट्राइकची खूण करायला मोकळा पाहिजे. तुम्ही घ्याल तेव्हा घरी टीव्हीसमोर बसून आठवडाभर हातात ठेवा, मॅच लावा आणि प्रत्येक पिचला फिरवा, न बघता. काही इंडिकेटरना शून्याजवळ खाच असते, ती बोटाला लागली की खाली न बघता कळतं की चकती शून्यावर आली. नवीन अंपायरची खूण म्हणजे तो दर पिचनंतर मान खाली घालून डबीत बघतो, आणि तेवढ्यात मैदानात जे होतं ते त्याचं हुकतं. सुरवातीला तुम्हीही बघालच, त्यात काही वाईट नाही, पण खेळ थांबलेला असताना बघा.

चकती कधी फिरवायची हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नियमाच्या पुस्तकात हे सापडत नाही. आधी बघायचं, मग निर्णय तोंडाने द्यायचा, आणि मग चकती. हाच क्रम रोज, प्रत्येक पिचला. मी शाळेच्या सॉफ्टबॉल मॅचना बरीच वर्षं प्लेटमागे उभी राहिले आहे (सॉफ्टबॉललाही काउंट हाच), आणि माझी चूक जेव्हा जेव्हा झाली तेव्हा ती इथेच झाली. एकदा आंतरशालेय मॅचला दुपारच्या उन्हात पिचरने टाकला, मी स्ट्राइक म्हटलं, तेवढ्यात पहिल्या बेसवरची मुलगी पळाली, कॅचरने दुसऱ्या बेसवर फेकला, धुरळा उडाला, दोन्हीकडून आरडाओरडा, तो निर्णय बेसवरच्या अंपायरने दिला आणि मी परत वाकून उभी राहिले तर चकती फिरवली होती की नव्हती हेच आठवेना. खिडकीत एक-एक दिसत होतं पण ते आताचं होतं की आधीचं? मी सरळ टाइम मागितला, स्कोअररच्या टेबलाशी गेले, आणि तिच्या वहीत एक-दोन होतं, म्हणजे चकती फिरवायची राहिली होती. ती दहा पावलं चालायला मला फार जड गेलं होतं. पण त्या दिवसापासून पळापळ झाली की माझा अंगठा त्या चकतीवर दाबूनच असतो, जागचा हलत नाही, आणि सगळं शांत झालं की पहिलं काम तेच.

दुसरं, लगेच शून्य करायचं नाही. बॅटरने फटका मारला, पळाला, की नवीन माणसं पटकन सगळ्या चकत्या मागे आणतात. करू नका. कारण कधीकधी बेसवरच्या अंपायरने पिचच्या आधीच टाइम दिलेला असतो आणि तुम्हाला ऐकूच आलेला नसतो, मग तो फटका धरलाच जात नाही, बॅटर परत येतो आणि आधीचाच काउंट पुढे चालू होतो. तो तुम्ही पुसला असेल तर आणणार कुठून? पुढचा बॅटर येऊन त्याच्या चौकटीत पाय ठेवेपर्यंत जुना आकडा राहू द्या.

काउंट कोणाचा हाही प्रश्न येतो. बॅटर मध्येच जखमी झाला आणि बदली बॅटर आला तर तो आधीचाच काउंट घेऊन खेळतो, दोन स्ट्राइक झालेले असले तरी. चुकीच्या क्रमाने आलेला बॅटर मध्येच लक्षात आला तर खरा बॅटर येतो आणि तोही तोच काउंट घेतो. पण बॅटरचा काउंट दोन-दोन आहे, दोन आउट आहेत, आणि बेसवरचा पळताना तिसरा आउट झाला तर इनिंग संपली, आणि पुढच्या इनिंगला तोच बॅटर येतो पण शून्यापासून. हे तिन्ही डोक्यात पक्के करा, लहान मुलांच्या मॅचमध्ये असले प्रसंग जास्त येतात.

आणि फाउल. फटका मारलेला चेंडू मैदानाच्या रेषांबाहेर गेला की तो फाउल, आणि फाउल म्हणजे स्ट्राइक, पण दोन स्ट्राइक झाल्यावर साध्या फाउलला काउंट जागचा हलत नाही (बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता चेंडूला नुसती लावताना, फाउल गेला तर मात्र आउट). इथे बोट आपोआप पुढे जातं, त्याला आवरावं लागतं. २२ एप्रिल २०१८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन बेल्टने एका पाळीत २१ पिच खेळल्या, जवळजवळ १३ मिनिटं, पिचर टाकतोय आणि हा फाउल मारतोय, टाकतोय आणि फाउल मारतोय, शेवटी राइट फील्डला झेल देऊन आउट. बघणाऱ्यांनी बेल्टचं आणि पिचरचं कौतुक केलं ते बरोबरच आहे, पण मागे वाकून बसलेल्या त्या अंपायरच्या अंगठ्याचा विचार करा, तीन-दोन झाल्यावर पिचमागून पिच येतेय आणि त्याने काहीही करायचं नाहीये.

आता हे सगळं सांगितलं तरी माझं मत असं आहे की इंडिकेटर हा दुय्यम आहे. काउंट टिकतो तो मोठ्याने बोलल्यामुळे. दर दोन-तीन पिचनंतर दोन्ही हात खांद्याच्या वर, डाव्या हाताची बोटं म्हणजे बॉल, उजव्या हाताची स्ट्राइक, आणि सोबत खणखणीत आवाजात आकडे. तीन-दोन झालं की हमखास. कुठल्याही खोळंब्यानंतर हमखास. असं केलं की तुमच्या डोक्यातला आकडा एकट्याचा राहत नाही, कॅचर, बॅटर, दोन्ही कोच, स्कोअरर, बेसवरचा अंपायर सगळ्यांनी तो ऐकलेला असतो, आणि चुकला असेल तर त्याच क्षणी कोणीतरी म्हणतं की अहो दोन-एक नाही, दोन-दोन. असं कोणी म्हणालं तर रागावू नका हं, तेच तर हवंय. चार-पाच पिच गप्प राहून मग एकदम काउंट सांगितला की भांडण लागणारच.

हाताच्या खुणा ह्या शोभेसाठी नाहीत. १८८८ पासून मोठ्या लीगमध्ये (अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये) खेळलेला विल्यम हॉय नावाचा खेळाडू होता, त्याला ऐकू येत नव्हतं, तो बॅटिंग करताना तिसऱ्या बेसजवळच्या कोचकडून बॉल-स्ट्राइकच्या हाताने खुणा मागून घ्यायचा. अंपायरच्या खुणा त्याच्यावरूनच आल्या असं पुष्कळ लोक मानतात, त्यावर वादही आहे, पण मला तो माणूस डोळ्यासमोर येतो, पिच झाली की तिसऱ्या बेसकडे वळून बघणारा. तुमच्या मैदानावर लांब आउटफील्डला उभा असलेला पोरगाही तसाच तुमच्या हातांकडे बघत असतो, त्याला तुमचा आवाज पोचत नाही.

मोठ्या लीगमध्ये चार अंपायर असतात आणि बेसवरचेही खिशात-हातात इंडिकेटर ठेवतात, डोळ्यांनी एकमेकांकडून खात्री करतात. तुमच्याकडे दोघंच असतील, कदाचित तुम्ही एकटे. दुसरा कोणी असेल तर मॅचआधी त्याला सांगून ठेवा की तूपण मोज, आणि मी तुझ्याकडे बघितलं की बोटं दाखव.

एक गल्लत टाळा. लिटल लीगमध्ये 'पिच काउंट' वेगळा असतो, तो म्हणजे पिचरने दिवसभरात किती चेंडू टाकले याची मोजणी, खांदा-कोपर जपण्यासाठी, ९-१० वर्षांच्या मुलांना ७५ आणि ११-१२ वाल्यांना ८५ ची मर्यादा आहे. ती मोजायला दुसरा माणूस असतो, ते ओझं तुम्ही डोक्यात घेऊ नका.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यात शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या सॉफ्टबॉल मॅचला अंपायर आणि स्कोअरर यांचा काउंट जुळला नाही की मोठा वाद होतो. अंतिम कोणाचा धरायचा? आणि क्रिकेटमध्ये पाच चेंडूंची ओव्हर झाली तरी चालते मग इथे एवढं का ताणतात?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : सर, बॉल आणि स्ट्राइक ठरवणं आणि मोजणं, दोन्ही प्लेटमागच्या अंपायरचंच काम, बेसबॉलच्या नियमांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे जाहीर होतो तो काउंट त्याचाच. पण म्हणून त्याने स्कोअररला झटकून टाकावं असं अजिबात नाही. शंका आली की खेळ थांबवून वही बघायची, आणि नुसता आकडा नाही बघायचा, पिचचा क्रम वाचून घ्यायचा, पहिला बॉल, दुसरा फाउल, तिसरा बॉल असं. क्रम लावला की कुठे फाटलं ते नव्वद टक्के वेळा लगेच सापडतं, आणि वाद करणारे दोघेही गप्प होतात कारण प्रत्येकाला आपली ती एक पिच आठवते. अंपायरने नुसतं 'मी म्हणतो तेच' म्हटलं तर मात्र वाद वाढतो, आणि मला विचाराल तर वाढायलाच पाहिजे.

वेळेची मर्यादा मात्र आहे. मोठ्या लीगच्या नियमानुसार पुढच्या बॅटरला एक पिच पडली की आधीचा काउंट दुरुस्त करता येत नाही. त्याआधी करता येतो, आणि २०१४ पासून काउंटची गडबड असेल तर रिप्ले केंद्राकडूनही नोंद तपासून घेता येते.

त्याच्या तीन वर्षं आधी सिॲटलला काय झालं बघा. २ जुलै २०११, सिॲटल मरिनर्स आणि सॅन डिएगो पाद्रेज. पाद्रेजचा कॅमरन मेबिन बॅटिंगला, खरा काउंट दोन-दोन, पण बोर्डावर तीन-दोन लागलेलं. पुढची पिच बॉल गेली आणि मेबिन पहिल्या बेसकडे चालायला लागला, तीनच बॉलवर, आणि त्याला कोणी अडवलं नाही, ना अंपायरने, ना समोरच्या डगआउटने (टीमच्या बाकाने). मग त्याच मेबिनने रन काढला आणि मॅच १-० सुटली. अख्ख्या मॅचमधला एकुलता एक रन. हजारो लोक स्टेडियममध्ये, टीव्हीवर मोजणारे वेगळे, आणि तरी निसटलं, कारण प्रत्येकजण बोर्डाकडे बघत होता. म्हणून सांगते, अंपायरने बोर्डावरून आपला इंडिकेटर जुळवायचा नाही, बोर्डवाल्याने अंपायरचे हात बघून बोर्ड लावायचा. तुमच्याकडे फळ्यावर खडूने लिहिणारा मुलगा असेल ना, त्यालाही हेच शिकवा.

क्रिकेटचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथे नियमच असा आहे की अंपायर मोजायला चुकला तर त्याने मोजली तीच ओव्हर धरायची. त्याचा टोकाचा प्रकार न्यूझीलंडमध्ये झाला, फेब्रुवारी १९९० मध्ये ख्राइस्टचर्चला वेलिंग्टन आणि कँटरबरीची मॅच होती. वेलिंग्टनला जिंकायचं तर समोरच्यांनी धावांच्या मागे लागून विकेट टाकायला हव्या होत्या म्हणून बर्ट व्हान्सने मुद्दाम नो-बॉलवर नो-बॉल टाकले, एका ओव्हरमध्ये २२ चेंडू, त्यातले १७ नो-बॉल, ७७ धावा. अंपायरचा हिशोब सुटला आणि ओव्हर संपवली तेव्हा खरे चेंडू पाचच झालेले होते. स्कोअररही गोंधळले, आणि मॅच सुटली तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत आहेत हे मैदानातल्या बॅट्समनना माहीतच नव्हतं. ते एक चेंडू कमी पडलेलं तसंच राहिलं, नियमाने ते चालतं.

पण क्रिकेटमध्ये ओव्हर पाचाची झाली तरी बॅट्समन खेळतच असतो, बोलर पुढच्या खेपेला परत येतो. इथे एक आकडा चुकला की माणूस थेट आउट होतो किंवा थेट बेसवर जातो. म्हणून ताणतात, आणि ताणावंच.

प्रश्न : आता कॉम्प्युटरच बॉल-स्ट्राइक सांगतो असं ऐकलं. मग अंपायरने मोजायची गरज संपली का?
— एक वाचक, पुणे (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

उत्तर : उलट वाढली. कॅमेरे सांगतात ते इतकंच की ही पिच झोनमध्ये होती की नाही. त्याची जोडी लावून काउंट जाहीर करणं अजून प्लेटमागच्या माणसाकडेच आहे. शिवाय मोठ्या लीगमध्ये २०२३ पासून पिच क्लॉक आलं, पिचरने वेळेत टाकला नाही तर आपोआप एक बॉल, बॅटर वेळेत तयार नसला तर आपोआप एक स्ट्राइक. म्हणजे चेंडू पडलाच नाही आणि चकती फिरवायचीय! इतकी वर्षं 'पिच झाली की चकती' अशी बोटाला लागलेली सवय त्या अंपायरांना मोडावी लागली.

मशीनचं म्हणशील तर दक्षिण कोरियाच्या लीगमध्ये २०२४ पासून प्रत्येक पिचचा निर्णय मशीन देतं आणि अंपायरला कानातल्या इअरपीसमध्ये ऐकू येतो, तो फक्त खूण करतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये देगूला सॅमसंग लायन्स आणि एनसी डायनोज यांच्या मॅचमध्ये मशीनने स्ट्राइक म्हटलेली पिच अंपायरने बॉल म्हणून पुढे ढकलली. एनसीच्या डगआउटला टॅब्लेटवर ते दिसलं, पण दिसून हरकत घेईपर्यंत आणखी पिच पडून गेल्या होत्या आणि त्यांना सांगितलं की उशीर झाला. ह्यापुढचं मला जास्त लागतं. अंपायर एकत्र येऊन 'मशीननेच बॉल म्हटलं असं सांगू' अशा अर्थाचं बोलताना प्रक्षेपणात ऐकू आले. लीगने एकाला काढून टाकलं, दोघांना निलंबित केलं. ऐकताना चूक होऊ शकते, ती मी कधीही माफ करेन, त्या जागी मी उभी राहिलेली आहे. पण काउंटबद्दल खोटं बोलणं हे ह्या कामात बसतच नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या लीगने २०२६ च्या सीझनपासून वेगळी पद्धत घेतलीय. निर्णय अंपायरचाच, पण प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, आणि ते फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनेच करायचं, डोक्यावर हात आपटून, लगेच. बरोबर निघालं तर चॅलेंज टिकतं. आता ह्यात अंपायरच्या हाताचं काय होतं बघ. समज काउंट दोन-एक होता, त्याने बॉल म्हटलं, चकती फिरवून तीन-एक केलं, कॅचरने हेल्मेटवर टॅप केलं, बोर्डावर चित्र आलं आणि पिच झोनला घासून गेलेली निघाली. अख्खं स्टेडियम ओरडतंय, आणि तो माणूस डाव्या हातात न बघता बॉलची चकती एक घर मागे घेतो, स्ट्राइकची एक घर पुढे नेतो, आणि मग दोन्ही हात वर करून दोन-दोन बोटं दाखवतो.